शेऱ्याचा रकाना

चटणीच्या बरणीवर हात ठेवून सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आणि बरणी भरलेली आहे. रिकाम्या बरणीवर हात ठेवून मी आजवर पुष्कळ काही सांगितलंय, तो हिशेब वेगळा. आमच्या गल्लीत म्हणतात, मालनकाकीची गोष्ट चार चाळण्यांतून गाळून घ्यावी. घ्या की. ही गोष्ट कितीही बारीक चाळणीतून गाळली, तरी वर चोथा उरायचा नाही.

गावाचं नाव तेवढं सांगत नाही. कृष्णाकाठचं आहे, गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि नगरपालिकेतली काही माणसं अजून माझ्यावर रुसून आहेत. एवढं पुरे.

गेल्या वर्षीची, म्हणजे दोन हजार त्रेचाळीसची गोष्ट. घोगऱ्याची साथ तिसऱ्यांदा आली होती. घोगरा म्हणजे ताप, खोकला, आणि आवाज असा बसायचा की नवऱ्याला हाक मारली तर बेडूक बोलल्यासारखं वाटावं. तरण्याताठ्यांना आठ दिवसांचा त्रास. सत्तरीच्या पुढं मात्र कधीकधी छातीत उतरायचा, आणि मग घरी परत येणं अवघड. मी चौऱ्याहत्तरची. आमचे हे ऐंशीचे. आम्ही दोघं आणि नात तनू, असे तिघं सातव्या गल्लीत राहतो. तनूचे आईबाप पुण्यात. तनू नगरपालिकेत आरोग्याचे आकडे सांभाळायला लागलेली, तिची पहिलीच नोकरी.

तर फेब्रुवारीत नगरपालिकेनं प्रत्येक गल्लीत विजेच्या खांबावर एकेक कान बसवला. त्याचं सरकारी नाव चांगलं अडीच ओळींचं होतं, पण लोक कानच म्हणायचे. दिसायला पितळी लोट्याएवढा, खाली तोंड करून टांगलेला. गल्लीत कोण किती खोकतं ते तो मोजायचा.

मी तनूला विचारलं, "खोकला म्हटला की खोकला. त्यात घोगऱ्याचा कुठला आणि बिडीचा कुठला, हे त्या लोट्याला कसं कळतं?"

तिनं मला नीट समजावलं, आणि मला कळलं म्हणजे तुम्हालाही कळेल. बाजारात नारळ घेताना आपण काय करतो? कानाशी धरून हलवतो, बोटानं टकटक करतो. आत पाणी किती, खोबरं जाड की पातळ, सगळं आवाजावरून. माणसाचा गळाही तसाच. एका खोकल्यात तीन आवाज असतात म्हणे. आधी फटका फुटतो, मग वारा सुटतो, आणि शेवटी अगदी जरासा सूर लागतो. घोगऱ्यात गळ्यातले स्वरतंतू सुजतात, म्हणून तो शेवटचा सूर चिरका येतो. तुमच्या-माझ्या कानाला तो सापडत नाही. या यंत्राला लाखो खोकले ऐकवून शिकवलेलं, त्याला सापडतो. कोण खोकलं ते तो सांगत नाही, फक्त आकडा सांगतो. रोज सकाळी बारा गल्ल्यांचे बारा आकडे गावाच्या फलकावर झळकायचे.

नियमही साधा होता. गल्लीचा आकडा आठ दिवसांत दुप्पट झाला आणि तीन दिवस तसाच टिकला, की गल्ली लाल. एका दिवसात चौपट झाला, तर थांबायचं नाही, जागच्या जागी लाल. लाल झाली की गल्लीच्या दोन्ही तोंडांना फाटक, एकवीस दिवस. आणि सत्तरीच्या वरच्यांना आधी गाडीत घालून अठरा किलोमीटरवरच्या विलगीकरणाच्या निवासात न्यायचं. बायका एका दालनात, पुरुष दुसऱ्या. घरोघरची तपासणी त्यानंतर, कारण तपासणीच्या पट्ट्या जिल्ह्याहून यायच्या आणि त्यांना पाच-सहा दिवस लागायचे.

आता आमच्या ह्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हे पाटबंधारे खात्यात नदीची पातळी वाचायचे. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली असते, फूट-इंचांची. पावसाळ्यात तासातासाला जाऊन पाणी कुठवर आलं ते बघायचं, वहीत लिहायचं, आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा, ठिपक्याला ठिपका जोडायचा. छत्तीस वर्षं. त्यांच्या वहीत चार रकाने असायचे. तारीख, वेळ, पातळी आणि शेरा. बाकीचे लोक शेऱ्याचा रकाना मोकळा सोडायचे. हे कधी सोडायचे नाहीत. 'वर पाऊस.' 'धरणाचं दार एक फूट उघडलं.' एकदा पाणी भर उन्हात अर्धा इंच चढलं, वरचे साहेब धावत आले, कुठं काय फुटलं म्हणून. ह्यांनी वही दाखवली. शेरा होता, 'पुलाखाली बावीस म्हशी बसल्या आहेत.' म्हशी उठवल्या, पाणी अर्धा इंच उतरलं. हसू नका, बरणीवर हात आहे माझा.

गेली चार वर्षं ह्यांच्या डोक्यातलं पाणी ओसरत चाललंय. आधी नावं गेली, मग वार, मग कालचं जेवण. पण पट्टी वाचायचं राहिलं. म्हणून मी अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर आतून पट्टी रंगवून दिली. रोज सकाळी आठला हे पिंपाशी जातात, वाकून बघतात आणि सांगतात, "दोन फूट चार इंच." मी वहीत लिहिते, हे खाली सही करतात, 'भू. चौ.', म्हणजे भूपाल चौगुले. मग माझ्याकडे बघून म्हणतात, "मालन, चहा." तो चहा म्हणजे आमच्या दिवसाचा खुंटा. त्याला दिवस बांधला की संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

साथीच्या आदल्या वर्षी लेकीकडे चार दिवस गेलो होतो. तिथं पिंप नाही. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला अदबीनं विचारलं, "बाई, तुमचे मालक कुठं असतात?" मी म्हटलं, पाटबंधारे खात्यात. "चांगलं खातं आहे," म्हणाले. मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. घरी आल्यावर पिंप बघितलं तेव्हा कुठं माणूस परत आला.

तेव्हा चार दिवसांत हे झालं होतं. एकवीस दिवस, आणि तेही वेगळ्या दालनात, हा विचार मी करतच नव्हते.

साथ आली तशी मी ह्यांच्या उरलेल्या आलेख-वह्या बाहेर काढल्या. रोज फलकावरचा कानाचा आकडा तांबड्या पेनानं मांडायचा. आणि माझा आकडा निळ्यानं. माझा आकडा म्हणजे काय? बारा गल्ल्यांत माझ्या बारा मैत्रिणी. रोज सकाळी बाराजणींना फोन. खोकला आहे का असं विचारलं तर कुणी खरं सांगत नाही. मी विचारतच नव्हते. मी म्हणायचे, "अगं, लोणच्याला मोहरी किती घालतेस? बरं, सासूबाईंना दे जरा. बरं, सुनेला दे." आवाज ऐकला की झालं. खोकला लपवता येतो, बसलेला आवाज कसा लपवाल? आठ दिवसांत घर न् घर पालथं व्हायचं, आणि माझ्या वहीत मोहरीची बारा प्रमाणं जमली, ती वेगळीच.

मार्चभर तांबडी आणि निळी रेघ जावा-जावांसारख्या शेजारी शेजारी चालल्या. कधी ही पुढं, कधी ती. मी तनूला म्हटलं, "तुझा कान हुशार आहे."

"आज्जी, तू कशाला उगाच मांडत बसतेस? फलकावर रेघ आयती मिळते."

"आयती रेघ वाचतात गं. हातानं काढलेली लक्षात राहते."

पण लोकही हुशार झाले होते. कान आल्यापासून गावात खोकणंच थांबलं. साथ नाही हं, खोकणं. चौथी गल्ली आमच्याकडची मानाची. तिथं डॉक्टर, वकील, आणि नगरपालिकेचे मुख्याधिकारी रणदिवे साहेब. गल्ली लाल होणं म्हणजे त्यांना दारावर पाटी लागल्यासारखं वाटायचं. मग कुणी उशीत तोंड खुपसून खोकायचं, कुणी धान्याच्या कोठीत डोकं घालून. एकांनी तर बायकोला खोकला आला की स्कूटर चालू करायची पद्धत पाडली. सगळ्यांत सोपं म्हणजे मिक्सर. चौथ्या गल्लीत दिवसभर मिक्सर घरघरायचे, आणि जेवायला म्हणाल तर मऊ खिचडी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या दोन्ही रेघा फाटल्या. सातव्या गल्लीत तांबडी वर निघाली आणि निळी जिथल्या तिथं. चौथ्या गल्लीत उलटं. तांबडी खाली, आणि निळी कुठं मांडावी तेच कळेना, कारण माझी तिथली मैत्रीण कुंदा उपाध्ये फोनच उचलेना. जी बाई एरवी अर्धा तास सोडत नाही, ती नुसते फोटोतले नमस्कार पाठवायला लागली. गुलाबाचं फूल, खाली शुभ सकाळ. तिच्या शेजारणीचंही तेच. पाच घरांतून पाच गुलाब. मी शेऱ्यात लिहिलं, 'चौथी गल्ली बोलत नाही.'

बुधवारी संध्याकाळी तनू घरी आली ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली.

"आज्जी, आपल्या गल्लीचा आज दुसरा दिवस. परवा शुक्रवारी सकाळी लाल होणार."

"गल्लीत कुणाचा आवाज बसलेला नाही तनू. मी काल सगळ्या घरांतून फिरून आले."

"कानाचा आकडा एकशे बारा आहे. आठ दिवसांपूर्वी सतरा होता."

"आणि तुझ्या आबांना ते नेणार?"

तिनं चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "रणदिवे साहेबांना विचारलं मी. म्हणाले, नियम घरातल्यांनाही. आणि आदेश मीच तयार करायचा आहे."

हे आत खुर्चीत बसून पेपर उलटा धरून वाचत होते. आम्ही दोघीही त्यांच्याकडे बघत राहिलो.

मी वही घेऊन बसले आणि ह्यांनी शिकवलं तसं केलं. आकड्याकडे बघायचं सोडलं आणि शेरे वाचायला घेतले. नऊ तारखेपासून रोजचा एकच शेरा होता, माझ्याच हातचा. 'सुलोचनाचा डंख चालू. डोळे झोंबतात.'

डंख म्हणजे चटणी कुटायचं यंत्र, लोखंडी मुसळं धाडधाड आपटणारं. आमच्याकडं एप्रिल-मे म्हणजे वर्षाच्या चटणीचे दिवस. घरोघरच्या बायका मिरच्या-मसाला डंखावर आणून तिथंच भाजतात, आणि अख्खी गल्ली शिंकते, खोकते, शिव्या देते आणि परत रांगेत उभी राहते. सुलोचना मगदूमचा डंख आधी बाजारामागं होता. यंदा तिनं तो सातव्या गल्लीत आणला. कुठं? तर बरोबर कानाच्या खांबाखाली, सावली चांगली म्हणून.

कान बसला फेब्रुवारीत. त्यानं आमचा एप्रिल बघितलाच नव्हता.

मी तनूला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "आज्जी, धुळीचा खोकला आणि घोगऱ्याचा खोकला त्याला वेगळा कळतो. तसं शिकवलंय."

"कुठल्या लोकांचे खोकले ऐकवून शिकवलंय?"

"सगळीकडचे. बरेचसे थंड देशांतले."

"तिथं वर्षाची चटणी एकदम कुटतात?"

ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तशी गंमत आहे. प्रयोगशाळेत माणसाला मुद्दाम खोकवायचं असलं की मिरचीचाच अर्क हुंगायला देतात. मिरचीनं गळ्याच्या नसा भडकतात, स्वरतंतू आवळतात. शेवटचा सूर चिरका येऊ शकतो." आणि लगेच मान हलवली. "पण हे मी साहेबांना कसं सांगू? ते विचारणार, कशावरून? तर माझ्या आज्जीच्या वहीवरून. आज्जी, तुझ्या म्हशी आणि तुझे आकडे एकाच तोंडातून येतात गं."

हे मला लागलं. खरं सांगते, लागलं. "गोष्टीत मी भर घालते," मी म्हटलं. "आकड्यात कधी घातली नाही."

"मला माहीत आहे. त्यांना नाही. आणि झाल्यावर कारण कुणीही सांगतं. व्हायच्या आधी सांगितलं तर त्याला काही अर्थ."

ती हातपाय धुवायला गेली. मी तिथंच बसले, आणि तिचं वाक्य माझ्या डोक्यात धाडधाड आपटायला लागलं.

गुरुवारी सकाळी आठला ह्यांनी पिंप बघितलं. दोन फूट एक इंच. मी लिहिलं. आणि मग एक नवल झालं. दोन वर्षांत सहीपलीकडं एक अक्षर न लिहिलेल्या माणसानं पेन हातातून सोडलं नाही. वही स्वतःकडे ओढली, चौथ्या रकान्यात लिहिलं आणि खाली सही केली. तनू डबा भरत होती. मी तिच्यापुढं वही धरली. शेरा होता, 'हिचं बरोबर आहे. भू. चौ.'

एक्कावन्न वर्षांच्या संसारात या माणसानं असं एकदाही म्हटलं नव्हतं.

तनूनं ती ओळ बोटानं चाचपून बघितली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी तेवढ्यात तिच्या हातात एक बंद पाकीट दिलं. "हे आत्ता घे. वर वेळ घाल, तुझी सही कर. संध्याकाळी पाचला उघडायचं. आधी नाही."

"काय आहे यात?"

"व्हायच्या आधी सांगितलेलं."

एरवी तिनं ते पाकीट मला परत दिलं असतं. त्या दिवशी घेतलं.

ती गेली तशी मी सुलोचनाकडे गेले. डंख सुरू होत होता.

"सुलोचना, आज दिवसभर डंख बंद ठेवायचा."

"काकी, रांग बघा की. अकरा घरच्या मिरच्या आल्यात."

"मिरच्या घेऊनच जायचं. आज भाजायचं चौथ्या गल्लीत. सगळ्यांनी मिळून."

"चौथ्या गल्लीत कशाला?"

"तिथला वारा चांगला आहे."

सुलोचनानं माझ्याकडे बघितलं. बाई शहाणी आहे. "संकेश्वरी जादा घेऊ?" एवढंच विचारलं.

चौथ्या गल्लीच्या पश्चिमेला नगरपालिकेचा रिकामा भूखंड आहे, रणदिवे साहेबांच्या घराच्या अगदी समोर. एप्रिलात दुपारी वारा पश्चिमेचा. अकरा बायका, अकरा चुली तीन-तीन दगडांच्या, अकरा लोखंडी कढया. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. एक वाजता पहिल्या कढईत मिरच्या पडल्या. वारा उठला, आणि तो तांबूस धूर फाटकाफाटकातून, खिडकीखिडकीतून पाहुण्यासारखा आत गेला.

आधी मिक्सर सुरू झाले. एक, दोन, सात, बारा. मग मिक्सरांच्या वर खोकला ऐकू यायला लागला. उशीत किती वेळ तोंड खुपसणार? उशीलाही वास लागला. कोठीत डोकं घातलेले बाहेर आले. स्कूटरवाले गृहस्थ स्वतःच इतके खोकत होते की त्यांना किल्ली लावता येईना. तोंडं मिटून बसलेली अख्खी गल्ली दारात, गच्चीत, कंपाउंडात येऊन मनसोक्त खोकली. कुंदा उपाध्येही बाहेर आली. मला बघून काहीतरी बोलायला गेली, आणि तिचा आवाज मी ऐकला. पार बसलेला.

रणदिवे साहेब रुमाल नाकाला लावून आले. ते त्या दिवशी जेवायला घरी आलेले होते.

"हे काय चाललंय? कुणाच्या... खक्... परवानगीनं... खक् खक्..."

"साहेब, बोलू नका," सुलोचना कढई हलवत म्हणाली, "वर मोजलं जातंय."

साहेबांनी खांबाकडे बघितलं. दोन चाळीसला चौथ्या गल्लीचा आकडा नऊवरून तीनशे सहावर गेला. एका दिवसात चौपट झाला की जागच्या जागी लाल, हा नियम मी वर सांगितलाच आहे. लाल दिवा लागला, दोन्ही तोंडांची फाटकं आपोआप खाली आली, आणि सगळ्यांच्या फोनवर आदेश आला. सत्तरीच्या वरच्यांनी तासाभरात सामान बांधावं. खाली यंत्रानंच घातलेली सही, मुख्याधिकारी रणदिवे.

साहेबांच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या आतून घोगऱ्या आवाजात विचारत होत्या, "अरे, मला कुठं पाठवतोयस?"

माझ्या नवऱ्याला वाचवायला मी दुसऱ्या एका म्हाताऱ्या बाईला गाडीत घालायला निघाले होते. मी चुलीतली लाकडं ओढली. "विझवा गं सगळ्या," म्हटलं. आणि फाटकाजवळ जाऊन साहेबांना सांगितलं, "साहेब, आईंना हलवू नका. आधी पट्ट्या मागवा आणि तपासा. त्यांची, सगळ्या गल्लीची, आणि आमच्या गल्लीचीही."

"पट्ट्या यायला पाच दिवस लागतात," साहेब सवयीनं म्हणाले.

"आईंसाठीही?"

पट्ट्या सव्वातासात आल्या. जिल्ह्याचा रस्ता तोच होता, गाडीही तीच असेल.

पाच वाजता तनू फाटकाबाहेर उभी होती, एका हातात तपासणीचा कागद आणि दुसऱ्या हातात माझं पाकीट. तिनं साहेबांसमोरच ते फोडलं. मी लिहिलं होतं, 'आज दुपारी तीनच्या आत चौथ्या गल्लीचा कान लाल होईल. डंख बंद असल्यानं सातव्या गल्लीचा आकडा निम्म्याच्या खाली येईल. पण खरे आजारी चौथ्या गल्लीतच सापडतील, कारण त्या गल्लीतल्या बायका आठ दिवस बोललेल्या नाहीत.'

सातव्या गल्लीचा आकडा एकशे बारावरून एकवीसवर आला होता. तपासणीत सातव्या गल्लीत एकही नाही. चौथ्या गल्लीत एकोणीस. त्यातल्या चौघांच्या छातीत उतरायला लागलं होतं, त्यांत साहेबांच्या आई आणि कुंदा. अजून तीन दिवस मिक्सर चालले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. चौघंही सुधारले.

तनू माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली. दारात आल्यावर म्हणाली, "आज्जी, हा गुन्हा आहे. सरकारी यंत्राला फसवणं."

"यंत्राला मी काही केलं नाही. कुठल्या कायद्यात चटणी भाजायला बंदी आहे ते दाखव."

"आजारी माणसांवर धूर सोडलास तू."

मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी एकोणीस घरी वाटी-वाटी चटणी पाठवली, बरं झाल्यावर खायची म्हणून. पण ते काही उत्तर होत नाही, हे मलाही कळतं. शहाणी माणसं आधी विचारतात, मग धूर करतात.

शुक्रवारी गल्ली लाल झाली नाही. सकाळी आठला ह्यांनी पिंप बघितलं, सही केली आणि म्हणाले, "मालन, चहा." मी चहात साखर घालायची विसरले. ह्यांनी तसाच प्यायला.

तनूनं घडलं तसं सगळं लिहून वर पाठवलं, पाकिटासकट. रणदिवे साहेब तिला काढणार अशी कुजबुज होती. पण त्यांच्या आई दवाखान्यातून चालत घरी आल्या आणि कुजबुज थांबली. महिन्याभरात कानाच्या फलकावर प्रत्येक आकड्यापुढं एक नवा रकाना आला. शेरा. तो भरायला गल्लीगल्लीतून एकेक बाई नेमली, आणि रकाना मोकळा असेल तर यंत्रानं गल्ली लाल करायची नाही, आधी माणूस पाठवायचा, असा नियम झाला. शेरे मात्र वाचण्यासारखे असतात. 'तिसरी गल्ली : वरातीत फटाके.' 'नववी गल्ली : पाटलांकडं भांडण, दोन्ही बाजूंचे घसे बसले.' 'बारावी गल्ली : कुणी खोकत नाही, पण मिक्सर फार.' हा शेरा आला की तनू स्वतः पट्ट्या घेऊन जाते.

कुंदानं बरी झाल्यावर मला परत फोटोतला गुलाब पाठवला. मी लगेच फोन लावला. अर्धा तास सोडलं नाही तिनं. त्या दिवशी निळी रेघ शून्याला टेकली.

आता बरणीवरचा हात जरा काढते, दुखायला लागलाय.

एक राहिलं. गुरुवारी सकाळचा तो शेरा, 'हिचं बरोबर आहे', तो मी लिहिला होता. एक्कावन्न वर्षं ज्याचं अक्षर रोज बघितलं, त्याच्यासारखे तीन शब्द काढणं काही अवघड नाही. त्याशिवाय तनूनं पाकीट घेतलं नसतं. तिला अजून ठाऊक नाही. हे वाचेल तेव्हा कळेल, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही.

बाकी सगळं खरं, म्हशींसकट. आणि सही ह्यांचीच. मी शेरा लिहून वही पुढं सरकवली, तेव्हा हे नेहमीसारखं खाली पेन टेकवायला गेले आणि थांबले. ती ओळ वाचली. परत एकदा वाचली. माझ्याकडे बघितलं, आणि मग सही केली.